विषय : वडिलांना सात वाजता सोडणेबाबत

पोरांना दारूच्या ठिकाणी न्यावं की नाही, यावर आमच्या इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या मराठी ग्रुपवर वर्षातून एकदा तरी जुंपतेच. निमित्त काहीही पुरतं. कुणीतरी बिअरगार्टनमधला फोटो टाकतं. झाडाखाली लाकडी बाकं, मोठ्यांसमोर हे एवढाले ग्लास आणि कुणाच्या तरी मांडीवर सव्वा वर्षाचं बाळ ब्रेझेल, म्हणजे इथला वेटोळ्याचा खारा पाव, चोखतंय. झालं! एक काकू लिहितात, "संस्कार म्हणून काही असतात." लगेच कुणीतरी लिहितो, "काकू, तिथं नव्वद वर्षांच्या आज्याही बसतात, त्यांच्यावर कुणी संस्कार करायचे?" मग कायदा सांगणारे येतात, मग हात जोडलेली चित्रं येतात आणि शेवटी गणपतीला मोदक कोण करणार हा विषय काढून कुणीतरी सगळ्यांना गप्प करतं.

पहिली पाच-सहा वर्षं मी काकूंच्या बाजूची होते. बाजूची कसली, पुढारीच. आम्ही त्सुफेनहाउझेनच्या जरा पुढे राहतो, दोघंही सॉफ्टवेअरवाले. लेक लहान असताना शेजारच्या बाईंनी रविवारी कोपऱ्यावरच्या गास्टहाउसमध्ये जेवायला बोलावलं, तर मी सर्दीचं कारण सांगून मोकळी झाले. नवरा म्हणाला, "अगं, जेवायलाच जातात लोक. आपली खानावळ समज."

"खानावळीत नळाला बिअर येते का रे?" मी म्हणाले. तो बिचारा उठून भांडी घासायला लागला. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा भांडी घासलेली बरी, असं त्याचं साधं तत्त्वज्ञान आहे.

पण लेक सहा वर्षांची झाली आणि तिला टुर्नेनला घातलं. टुर्नेन म्हणजे उड्या, कोलांट्या, दांडीवर लोंबकळणं. इथल्या गावागावांत त्याची मंडळं असतात, आणि मंडळ म्हटलं की मैदानाला चिकटून त्याचं स्वतःचं फेराइन्सहाइम असतं. म्हणजे काय, तर गुत्ताच. आता मला तसं म्हणवत नाही, पण तेव्हा मी तसंच म्हणायचे. दर शुक्रवारी सहाला क्लास सुटला की पोरं तशीच घामट कपड्यांत तिथं घुसायची, मागोमाग आईबाप. मी मात्र लेकीला धरून बसस्टॉपवर. पहिल्याच शुक्रवारी ती बसमध्ये मुसमुसून रडली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. जर्मनमध्येच म्हणाली, "सगळे आत जातात. मीच एकटी बाहेर."

ते वाक्य माझं होतं.

आम्ही चिंचवडचे. बाबा एका कारखान्यात टर्नर होते. तिकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमचा शनिवार म्हणजे बुधवार. बुधवारी दिवसपाळी संपली की बाबा आणि त्यांचे चार दोस्त रस्त्यापलीकडच्या परमिट रूममध्ये बसायचे. रोज पिणारे नव्हते, मारझोड तर नाहीच. बुधवारी दोन पेग, एवढंच. पण ते दोन पेग कधी आठपर्यंत चालायचे, कधी नऊपर्यंत, आणि आईच्या कपाळावर साडेसहापासून आठी चढायला लागायची. ती स्वतः तिथं जाणं शक्यच नव्हतं. तिथं माडीवर एक फॅमिली रूमही होती, पण आई म्हणायची, "फॅमिली रूम म्हणे! कुठली फॅमिली जाते तिथं?" म्हणून ती मला पाठवायची. "जा गं, बाबांना सांग, पोळ्या टाकल्यात."

तिथल्या दाराला दोन अर्ध्या फळ्या होत्या, ढकलल्या की मागे-पुढे होणाऱ्या. वरून डोकी दिसायची नाहीत, कारण मी बुटकी. खालून फक्त टेबलांचे पाय आणि माणसांच्या चपला दिसायच्या. शेजारी भिंतीवर पाटी होती, लहान मुलांना प्रवेश नाही. मी आज्ञाधारक. पाटी वाचता येत होती हेच वाईट झालं. मी दाराशी उभी राहायची, वेटरला निरोप द्यायची, तो आत जाऊन सांगायचा आणि येताना कागदात उकडलेले शेंगदाणे आणून माझ्या हातावर ठेवायचा. "साहेब येतायत, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं किती लांबायची, ते मला विचारा.

पण खरं सांगू? मला तिथं उभं राहायचा राग नव्हता. आतून बाबांचं हसणं ऐकू यायचं म्हणून. बाबा घरी हसायचे नाहीत. घरी ते पेपर वाचायचे, पाढे विचारायचे आणि झोपायचे. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "अभ्यास झाला का?" आणि "दिवा बंद कर". आणि आत मात्र हा माणूस असा हसायचा, की आधी एक खोल हुंकार, मग दम लागल्यासारखा आवाज, मग टेबलावर थाप. ही थाप बाबांचीच, हे मला बाहेरून कळायचं. वाटायचं, आत असं आहे तरी काय? कशाला हसतात एवढे? एकदा, फक्त एकदाच, आत जाऊन त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसायला मिळालं, तर मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही. देवाला तसं कबूलही करून टाकलं होतं.

चौथीत बाईंनी आम्हाला अर्जलेखन शिकवलं. प्रति, विषय, महोदय, वरील विषयास अनुसरून, कळावे, आपली विश्वासू. मला तर साक्षात विद्या मिळाल्यासारखं झालं. जगात काहीही हवं असलं तरी अर्ज केला की मिळतं, असं बाईंनी सांगितलं होतं आणि मी ते शंभर टक्के खरं मानलं. बुधवारी वहीचं पान फाडून मी परमिट रूमच्या व्यवस्थापकांना अर्ज लिहिला. विषय : वडिलांना सात वाजता सोडणेबाबत. कारणंही दिली होती. आई पोळ्या गरम करते व त्या वाया जातात, हे एक. दुसरं काय होतं ते मी पार विसरले होते. वेटरच्या हातात अर्ज दिला, "मॅनेजरसाहेबांना द्या" म्हणाले आणि उभी राहिले.

थोड्या वेळानं आत एकदम हशा फुटला. इतका मोठा, की शेजारच्या टपरीवरचा पानवालासुद्धा वळून बघायला लागला. पाठोपाठ बाबा बाहेर आले. चेहरा दगडासारखा. माझ्याकडे बघितलंही नाही, तरातरा पुढे चालायला लागले, मी मागे पळतेय. घरी जेवले आणि झोपले. त्या अर्जाबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशी नाही, नंतर तीस वर्षांत नाही. पुढच्या बुधवारपासून मात्र ते सातच्या ठोक्याला बाहेर यायला लागले, आणि वर्षभरात तिथं जाणंच बंद झालं. आईनं देवाला पेढे ठेवले. मला मात्र आतून माहीत होतं की काय झालंय. मी माझ्या बापाची चार माणसांत अब्रू घालवली. ते हसणं मी अर्ज लिहून बंद पाडलं.

म्हणून म्हणते, बसमधलं लेकीचं वाक्य माझं होतं. पुढच्या शुक्रवारी मी निमूटपणे तिला घेऊन आत शिरले.

आत काय होतं म्हणाल, तर काहीच नव्हतं! लाकडी टेबलं, भिंतीवर मंडळाचे जुने फोटो, कोपऱ्यात चार-पाच म्हाताऱ्यांचं ठरलेलं टेबल, ज्याला इथं श्टामटिश म्हणतात. त्या टेबलावर दुसरं कुणी बसत नाही, आणि त्यातला कुणी वारला तर त्याची खुर्ची काही आठवडे तशीच ठेवतात. मालकीणबाई धिप्पाड, चष्मा साखळीला. पोरं टेबलांखालून पळत होती आणि कुणी ओरडत नव्हतं. मी मेनूत पोरांचं काही शोधत होते, तर बाईंनी न विचारता लेकीसमोर एक रिकामी ताटली ठेवली. नुसती ताटली आणि काटा. म्हणाल्या, ही दरोडेखोराची ताटली. हिचं काही लागत नाही. जिला ती मिळते, तिनं आईबापाच्या ताटातलं हवं ते पळवायचं. लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटातला बटाटा उचलला. तोंडभर हसली. मी तिथंच पाघळले. ग्रुपवरच्या काकूंना मी अजून हे सांगितलेलं नाही, त्यांच्या लेखी मी आजही त्यांच्यातलीच आहे.

आणि त्याच क्षणी मनात आलं, बाबांना इथं आणायचं. त्यांना या बाकावर बसवायचं, आपण शेजारी बसायचं आणि ते हसणं एकदा ऐकायचं. माझं एवढंच मागणं होतं, चौथीपासूनचं.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी बाबा आले, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. गुडघे दुखत होते, विमानात पाय सुजले होते. तेव्हाच म्हणाले, "हे पहिलं आणि शेवटचं हो. पुन्हा जमायचं नाही मला." तसंच झालं, आता ते चिंचवडहून हलत नाहीत. पण तेव्हा माझ्याकडे नव्वद दिवस होते, म्हणजे बारा-तेरा शुक्रवार. मला वाटलं, चिक्कार झाले.

पहिल्याच शुक्रवारी ते फेराइन्सहाइमच्या दाराशी थबकले. काचेतून आतले ग्लास दिसले. "हे काय आहे?"

"मंडळाचं हॉटेल आहे, बाबा. सगळे येतात."

"पोरीला घेऊन? असल्या ठिकाणी?" त्यांचा आवाज इतका बदलला, की मला आईच आठवली. "तुला काही लाजलज्जा? तुम्ही या जाऊन. मी बसतो इथं." आणि मैदानाकडेच्या बाकावर जाऊन बसले, ऑगस्टातही कानटोपी घालून.

मी नाना उपाय केले. कॉफी मिळते म्हटलं. तुम्ही सोडून तीस वर्षं झाली, तुम्हाला कोण पाजतंय, असंही चिडून म्हटलं. नवऱ्यानं आर्जव केलं, "बाबा, चला ना, बाहेर गारठा आहे." जावयाला ते नाही म्हणत नाहीत, पण त्यालाही म्हणाले, "जावईबापू, आग्रह करू नका." दर शुक्रवारी आम्ही आत आणि बाबा बाहेर. मला काचेतून त्यांची कानटोपी दिसायची. चिडून मी मनात म्हणायचे, बसा तिथंच, कळू दे बाहेर बसणं काय असतं ते. आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. एक-एक शुक्रवार जात होता आणि मला ठाम वाटत होतं, यांना तो अर्ज आठवतोय. माझ्याबरोबर असल्या जागी यांना बसायचं नाही.

शेवटचा शुक्रवार आला. ऑक्टोबर संपत आला होता, मंगळवारचं विमान. आत बसल्यावर लेकीनं विचारलं, "आजोबा आजही येणार नाहीत?" मी वैतागले होते. म्हणाले, "तूच जा आणि विचार." म्हणाले आणि मलाच कसंतरी झालं. माझी आई मला पाठवायची, बाबांना बाहेर आणायला. आणि मी माझ्या लेकीला पाठवत होते, त्यांना आत आणायला.

ती तशीच पळाली. जॅकेट नाही, पायात टुर्नेनच्या पातळ कापडी सपाता. काचेतून दिसत होतं. ती त्यांच्यापुढे उभी राहून काहीतरी बोलत होती, अर्थात जर्मनमध्ये, आणि ते मान हलवत होते. तिनं त्यांचं बोट धरलं. ते उठेनात. ती हलेना. थंडीनं तिनं एक पाय उचलला आणि दुसऱ्या पायावर ठेवला. बाबा तिच्या पायांकडे बघत राहिले. बराच वेळ. मग उठले, बोट सोडवलं नाही, आणि दारातून आत आले.

नवऱ्यानं झटकन खुर्ची सरकवली. बाबा देवळात बसल्यासारखे ताठ बसले. त्यांच्यासाठी चीज घातलेल्या श्पेट्झले मागवल्या, म्हणजे पिठाच्या जाड्याभरड्या शेवया, वर तळलेला कांदा, आणि सोडा घातलेला सफरचंदाचा रस. मालकीणबाईंनी लेकीपुढे रिकामी ताटली ठेवली. लेकीनं सरळ आजोबांच्या ताटावर दरोडा घातला. सगळा कांदा पळवला.

"अगं, हे काय!" बाबा म्हणाले. मी ताटलीचा नियम समजावला. "रिकामी ताटली? आणि चोरी करायला परवानगी?" त्यांच्या मिशा जरा हलल्या.

श्टामटिशवरचा एक आजोबा आमच्याकडे बघत होता. आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवलेला, हे मला माहीत होतं. मी बाबांना तसं सांगितलं, त्याला बाबांचं सांगितलं. दोघांनी एकमेकांना हात वर करून दाखवले. दोघांच्याही डाव्या तर्जनीला जुना व्रण. पलीकडून प्रश्न आला, तुमच्याकडे होतं का असं टेबल? मी भाषांतर करताना चाचरले. म्हटलं, आता हे उठतात.

बाबा म्हणाले, "होतं ना. बुधवारचं. पाच जण होतो. आता मी आणि एक, त्यालाही ऐकू येत नाही." मी ते जर्मनमध्ये सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या टेबलाशीही एक खुर्ची रिकामी होती.

मग बाबा माझ्याकडे न बघता, त्या म्हाताऱ्यांकडे बघत मराठीतच सांगायला लागले. "यांना सांग, एकदा आमच्या मॅनेजरकडे एक अर्ज आला."

तो माझाच अर्ज. तरी भाषांतर करत राहिले, वाक्यामागून वाक्य, जणू ती दुसऱ्याच कुणाची गोष्ट. "मॅनेजर खुर्चीवर उभा राहिला. म्हणाला, मंडळी, शांतता. सरकारी काम आलंय. आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. विषय, वडिलांना सात वाजता सोडणेबाबत! माझा दोस्त हसता हसता खुर्चीवरून खाली पडला. शेवटी लिहिलं होतं, आपली विश्वासू, इयत्ता चौथी, तुकडी ब. आणि त्याखाली, सोबत : काही नाही." इथं बाबांचा तो खोल हुंकार आला. मग दम लागला. मग टेबलावर थाप बसली, सफरचंदाचा रस हिंदकळला. म्हातारे माझं भाषांतर पुरं व्हायच्या आधीच हसायला लागले होते. "मॅनेजरनं तो अर्ज परवान्याशेजारी चिकटवला. त्यानंतर दर बुधवारी सात वाजले की आमच्या डोक्यावरचा दिवा बंद करायचा आणि म्हणायचा, साहेब, अर्ज मंजूर आहे!"

म्हणजे अब्रू गेली नव्हती. म्हणजे माझ्या अर्जानंच ते सगळ्यात जास्त हसले होते.

"बाबा, मग तुम्ही मला हे कधी सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "मला वाटलं, तुम्ही रागावलात. तीस वर्षं वाटतंय!"

हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "रागावेन कशाला? आम्ही हसायचो कशावर, माहितीये? तुझ्यावरच. तू काय बोललीस, काय केलंस, आठवडाभराचं मी त्यांना सांगायचो. घरी कसं बोलायचं ते कळायचं नाही मला. तिथं यायचं बोलता." मग जरा थांबून म्हणाले, "त्या अर्जात दुसरं कारण होतं. तुला आठवत नसेल."

"नाही आठवत."

"उभे राहून माझे पाय दुखतात." ते अर्जातल्यासारखंच म्हणाले, सरळ. "मॅनेजरनं तेही वाचलं. सगळे खो खो हसले. मीही हसलो. आणि दाराखाली बघितलं, तर तुझे पाय. एकावर एक ठेवून उभी होतीस. सगळी खोली तुझ्यावर हसतेय आणि तू बाहेर. तुला आत बोलवावं एवढंही मला सुचलं नाही. मग कसली मजा आणि कसलं काय. दाराकडे पाठ करून बसलो, तरी पाय दिसायचे."

श्टामटिशवर सगळे थांबले होते, पुढचं ऐकायला. लेकही थांबली होती. तिला मराठीतलं सगळं कळलं होतं. मी जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न केला, मला एकच वाक्य जमलं, "त्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते."

त्या लेथवाल्या आजोबांनी नुसता ग्लास खाली ठेवला.

बाबांनी मालकीणबाईंकडे बघितलं, लेकीच्या ताटलीकडे बोट केलं आणि मग एक बोट वर केलं. आणखी एक. बाईंनी विचारलं, कुणासाठी? मूल तर एकच आहे.

"काय म्हणतात?" बाबांनी मला विचारलं.

"विचारतायत, कुणासाठी."

त्यांनी आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. "सांग त्यांना," ते म्हणाले, "माझ्या मुलीसाठी."